तिसऱ्या चादरीपर्यंत

९ फेब्रुवारी

भाऊजी,

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी उठले, दूध तापवलं, ओटा पुसला, चार चादरी बादलीत भिजवल्या आणि बादली अंगणातल्या नळापर्यंत ओढत नेली. यांनी शेडचं दार सताड उघडलं, विमान बाहेर काढलं, शेपटाची साखळी खांबाला अडकवली, कानांत बोळे घातले आणि मला हात केला. हात केला की मी फेसाचा लाल डबा जवळ घ्यायचा, आग लागली तर मारायला. चादरींचा वार तोच इंजिनाचा वार, हे आमच्याकडे ठरून गेलं होतं. इंजिन सुरू झालं, पंख्याचा वारा मागच्या मोकळ्या जागेतलं गवत झोपवून गेला, शेजारचा कुत्रा पलंगाखाली गेला असणार. मग यांनी बंद केलं. बंद केल्यावरही आतलं चाक फिरत राहतं, कोणी कुजबुजतंय असा आवाज येतो. यांना तो ऐकू येत नसे. उभा जन्म लेथवर गेला, कान आधीच गेलेले, त्यात बोळे. मी चादरी पिळता पिळता ऐकायची आणि आवाज संपला की हात वर करून सांगायची, "थांबलं." मग हे विचारायचे, "कितीपर्यंत आलीस?"

त्या दिवशी मी म्हटलं, "पहिलीच चाललीय. तीही अर्धी."

हे बाहेर आले आणि माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थकले गं हात तुझे. पुढच्या वेळेपासून चादरी लाँड्रीत देत जा."

मला राग आला होता. म्हटलं, हात माझे, चादरी माझ्या, तुम्ही तुमचं इंजिन बघा. पण दिल्या लाँड्रीत. याला दोन वर्षं होतील. आज सकाळी लाँड्रीवाला गठ्ठा ठेवून गेला आणि हे सगळं आठवलं, म्हणून तिथूनच पत्र सुरू केलं. रागावू नका.

कामाचं लिहिते. विमान तयार आहे. हे जायच्या आधी शेवटचा रंगही देऊन झाला होता. रंग कोणता द्यायचा ते मला विचारलं होतं. मी म्हटलं पिवळा, तर म्हणाले, "लांबून दिसेल, बरं आहे." आता ते शेडमध्ये नुसतं उभं आहे आणि मी रोज धूळ पुसते. कॅप्टन येऊन बघून गेले. शेतांवर औषध फवारणारी विमानं चालवायचे ते, तुम्ही त्यांना भेटला आहात. चहात तीन चमचे साखर घालून घेणारे. ते म्हणाले, मी उडवतो. एकदा तरी उडायला हवं, वहिनी, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी केला त्याने?

मलाही तेच वाटतं. हे गेल्यावर लोक येऊन बसले, बोलले, गेले. त्यानंतर या घरात काही घडलेलं नाही. ते एकदा वर गेलेलं मला बघायचं आहे. मग मला काही नको.

तुम्ही इंजिनांच्या कारखान्यात आहात. उडवण्याआधी काय काय तपासायचं ते लिहा. फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता.

तुमची वहिनी

———

१९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

नमस्कार. तुमचं अक्षर बघून बरं वाटलं. दादाचे प्रश्न यायचे तेव्हा मला आधी अक्षर सोडवायला लागायचं आणि मग इंजिन.

खरं सांगू? घरी विमान बांधणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी टर्बाइनचं वेड लागतं. साध्या इंजिनात दट्टे खालीवर आपटत असतात. यात नुसतं एक चाक फिरतं. वजन निम्मं, थरथर नाही, पेट्रोल नको, रॉकेलच्या जातीचं काहीही चालतं. कागदावर बघितलं तर वाटतं, बाकीचे लोक काय वेडे आहेत का? मग इंजिन घरी येतं आणि इंधन प्यायला लागतं. साधं इंजिन जेवढ्यात गावाला जाऊन परत येईल तेवढ्यात हे वेशीपर्यंत पोचतं. दादाला मी म्हटलं होतं, पांढरा हत्ती आहे हा. तो म्हणाला, "असू दे, गोठा माझा आहे." मोठ्या विमानांना जमिनीवर वीज पुरवणाऱ्या गाडीतलं भंगारात निघालेलं इंजिन ते. त्याने ते विमानात बसवून चालवून दाखवलं, हे आमच्या कारखान्यात मी सांगतो तेव्हा लोक खुर्ची ओढून जवळ बसतात.

तपासणीचं सवडीने लिहितो. त्याआधी एक गंमत विचारू? ते चादरींचं. शेवटी अर्धी चादर व्हायची म्हणता. सुरुवातीला किती व्हायच्या? आठवत असेल तर वर्षाप्रमाणे लिहा. आणि आवाज थांबताना विरत विरत जायचा की एकदम तुटायचा?

कॅप्टनना माझा नमस्कार. तोवर कुणी इंजिन सुरू करू नका. बरेच दिवस बंद आहे, तेल खाली बसलं असेल.

तुमचा भाऊजी

———

२७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्हाला माझ्या चादरींचं काय पडलंय? जाऊबाईंनी धुणं तुमच्याकडे लावलं की काय?

पण आठवतं मला, कारण यांनी दर वेळी विचारलं. पहिल्या वर्षी दोन चादरी पिळून, दांडीवर टाकून, तिसरीला हात घालेपर्यंत ते चाक फिरायचं. हे खूश व्हायचे. "तिसरी! वा." जणू मी काही पराक्रम केला. त्याच्या पुढच्या वर्षी दोन व्हायच्या. मग दीड. मग कितीतरी महिने एक. मग ती अर्धी. संधिवात आहे मला, बोटं सकाळी वळत नाहीत. हे म्हणायचे ते खोटं नव्हतं. बाईचे हात कसे उतरतात ते तुम्हाला या हिशेबात दिसेल, दुसरं काय.

आवाज आधी विरत जायचा. दिवा बारीक करत न्यावा तसा. नंतर नंतर एकदम थांबायचा आणि शेवटी शेडच्या बाजूला काहीतरी खरवडायचं. चमच्याने पातेलं खरवडतो तसं. हे हत्यारांचा ट्रे सरकवत असतील असं मी धरून चालले.

एक सांगायचं राहिलं. अर्धी चादर झाली त्या दिवसानंतर यांनी मला कधी विचारलं नाही, कितीपर्यंत आलीस. चादरीच नव्हत्या, तर विचारणार काय. इंजिनही क्वचितच लावायचे. पंख घासत बसायचे, रंगाचे थर देत बसायचे.

यांची पुस्तकं मी वाचायला काढली आहेत. शाळेत मी कमीच गेले, पण वाचून वाचून कळतं. नाक एवढं लांब का, ते आज कळलं. इंजिन हलकं, म्हणून ते पुढे न्यायला लागतं, नाहीतर विमान मागे कलंडेल. मला इतकी वर्षं वाटायचं, यांना लांब नाक आवडतं. माझंही लांबच आहे.

कॅप्टनचा विमान उडवण्याचा परवाना मार्चअखेरपर्यंतच आहे, मग पुन्हा तब्येतीची तपासणी. पुढच्या वेळी डॉक्टर पास करणार नाही असं ते स्वतःच म्हणतात. डाव्या डोळ्यात पडदा आलाय. तेव्हा लवकर लिहा.

वहिनी

———

८ मार्च

ती. वहिनीस,

पत्र मिळालं. मार्चमध्ये उडवू नका. कागदपत्रांच्या काही गोष्टी आहेत, परवानग्या वगैरे, त्या पत्रात मावणार नाहीत. मे महिन्यात मला रजा मिळेल असं दिसतं. मी येतो, स्वतः बघतो, मग ठरवू. तोवर शेडला कुलूप असू द्या.

तुमचा भाऊजी

———

१६ मार्च

भाऊजी,

काल तुमचा फोन मी ठेवून दिला. चुकीचं वागले, पण तुम्ही तरी काय केलं? दहादा म्हणालात, "नका करू वहिनी," आणि का, ते एकदाही नाही. तुमच्यामागे भोंगा वाजत होता आणि कुणीतरी हसत होतं.

मे महिन्यात येतो म्हणता. हे गेले तेव्हा म्हणालात, पुढच्या आठवड्यात येतो. मी दोन ताटं घेऊन बसत होते. बोलायचं नव्हतं, पण निघालं तोंडून. मग तुम्ही पत्रात एकदा लिहिलंत, की रजा मिळाली नाही, आणि मी ते मानलं. आताही मानते. पण कॅप्टनचा डोळा मे महिन्यापर्यंत थांबणार नाही.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. तुम्ही दोघं भाऊ लहानपणी एकाच गच्चीवरून कागदी विमानं सोडायचा. तुमचं लांब जायचं, यांचं घिरट्या घालून पायाशी पडायचं, असं हेच सांगायचे. आता यांचं खरंच उडेल, ते तुम्हाला बघवत नाही का? हे मी रागात लिहितेय ते कळतंय मला. तरी लिहितेय.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी उडवायचं ठरलं आहे. फवारणीवाल्यांची जुनी धावपट्टी मिळाली. पंख सुटे करून ट्रॉलीवरून न्यायचं. मी साडीवर घालायला यांचा जाड कोट काढून उन्हात टाकलाय, तिथे फार वारा असतो म्हणे.

वहिनी

———

२० मार्च

ती. वहिनी,

हे पत्र मी जास्तीचे पैसे भरून पाठवतोय, रविवारच्या आत पोचायला हवं. फोनवर मला बोलता आलं नाही. लिहून जमेल असं वाटतं.

बंद केल्यावर चाक किती वेळ फिरतं, हे आमच्याकडे सगळ्यांत आधी बघतात. इंजिन धड असेल तर ते सावकाश विझतं. आतली बेअरिंगं झिजली की चाक जागचं हलतं, केसभर, पण तेवढं पुरतं. पाती बाहेरच्या कवचाला घासायला लागतात आणि चाक लवकर थांबतं. दर वर्षी आणखी लवकर. तिसरी चादर, दोन, दीड, एक, अर्धी. आणि शेवटी पातेलं खरवडल्याचा आवाज. शेडमध्ये ट्रे कुणी सरकवत नव्हतं, वहिनी.

ते चाक मिनिटाला पन्नास हजार फेरे घेतं. जमिनीवर पाच मिनिटं चालवणं वेगळं. वर जाताना त्याला पूर्ण जोर लागणार. ते फुटलं तर लोखंडाचे तुकडे बसणाऱ्याच्या पायांतून येतात. मी असं इंजिन उघडलेलं बघितलंय. जास्त लिहीत नाही.

तुमचे हात उतरले नव्हते. तुम्ही पहिल्या वर्षी पिळत होता तशाच शेवटच्या वर्षी पिळत होता. उतरलं ते इंजिन. दादाला आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून त्याने चादरींचा वार धरला. तुमचे कान आणि तुमचे हात हे त्याचं घड्याळ होतं. त्याला सगळं माहीत होतं. त्या सकाळी अर्धी चादर म्हणालात, त्याच दिवशी त्याला कळलं असणार, की संपलं.

आता दुसरं. त्याच सुमारास त्याचा मला फोन आला होता. म्हणाला, "एका मित्राकडे माझ्यासारखंच इंजिन आहे, त्याचं चाक गेलंय. मिळेल का कुठे?" मी हसून म्हटलं, "ते बनवणारा कारखाना बंद होऊन जमाना झाला. मित्राला सांग, चांगलं टेबल होईल त्याचं, वर काच टाकायची." तो म्हणाला, "सांगतो." मी त्या मित्राचं नाव विचारलं नाही. दादाला असा कुठला मित्र नव्हता, हे मला तुमचं दुसरं पत्र वाचताना सुचलं.

दुसरं इंजिन बसवता येईल का, हे तुम्ही विचारणार. साधं इंजिन दुप्पट वजनाचं, त्या लांब नाकावर टांगलं तर विमान तोंडावर पडेल. नाक कापायचं तर पुढचा सांगाडा नवा, टाक्या नव्या, तोल नवा. म्हणजे दुसरं विमान. आणि नवीन टर्बाइन आपण घर विकलं तरी येत नाही. दादाने एकेक पट्टी त्या एका इंजिनासाठी कापली होती. मी गेले दोन आठवडे कारखान्यात सगळ्यांना विचारतोय, काही मार्ग आहे का. म्हणून आधी लिहिलं नाही. मार्ग असता तर हे पत्र लिहायलाच लागलं नसतं.

माझ्यावर विश्वास बसत नसेल तर एक करा. इंधन न सोडता कॅप्टनना नुसता स्टार्टर मारायला सांगा. आग लागणार नाही, धोका नाही. सोडल्यावर आवाज कसा थांबतो तो ऐका. तुमच्याइतकं ते इंजिन कुणीच ऐकलेलं नाही.

दादाचं विमान नेहमी पायाशी पडायचं म्हणून मी हसायचो, ते खरं आहे. पण हे उडावं असं मला वाटत होतं. तुमच्याइतकंच.

तुमचा भाऊजी

———

४ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. मी ते ओट्यापाशी उभ्यानेच वाचलं आणि मग गॅस बंद केला.

शनिवारी कॅप्टन ट्रॉली घेऊन आले, पंख सोडवायला. मी म्हटलं, आधी एक काम आहे. लाँड्रीच्या गठ्ठ्यातल्या धुतलेल्या चादरी काढून मी पुन्हा बादलीत भिजवल्या. कॅप्टन बघत राहिले. "वहिनी, आज धुणं?" म्हटलं, "हो, आजच. तुम्ही वर बसा, इंधन सोडू नका, नुसतं फिरवा आणि सोडा."

चादरींचं तसं कारण नव्हतं, तुम्ही ऐका एवढंच म्हटलं होतं. पण मोकळ्या हातांनी मला ते ऐकता येईना. मी पहिली चादर पाण्यातून वर उचलली आणि कॅप्टननी स्टार्टर सोडला. चादरीचं पाणीही निथळलं नव्हतं. मध्येच ते खरवडलं आणि तुटलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा मी नको म्हटलं.

"थांबलं," मी म्हटलं, सवयीने. कॅप्टनना पुढे विचारायचं काय असतं ते ठाऊक नव्हतं.

तुमचं पत्र मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग म्हणाले, "मला काय, वहिनी, सत्तरी झाली. एक चक्कर मारून येतो. पाच मिनिटांत काय होतंय?"

"पाच मिनिटांत काय होतं ते लिहिलंय खाली."

"तो म्हणजे कारखान्यातला माणूस. त्याला कुठेही तडाच दिसणार."

"दिसू दे. याच अंगणातून एका माणसाला बाहेर नेलंय. दुसऱ्यासाठी माझ्याकडे जोर नाही."

"आणि मी तुम्हाला न विचारता उडवलं तर?"

"टाक्या मी सकाळीच रिकाम्या केल्यात. रॉकेलसाठी बोहारणीसारखे दारोदार फिरलात तरी कुणी तुम्हाला देणार नाही, मी सगळ्या पंपांवर सांगून आलेय." हे खोटं होतं. टाक्या मात्र खरंच रिकाम्या केल्या होत्या.

ते हसले. मग त्यांचं तोंड असं झालं, की मला त्यांच्याकडे बघवेना. म्हणाले, "बसू तरी द्या जरा." बसले आत. मी चहा नेला, तीन चमचे साखर घालून. तो त्यांनी पंखावर ठेवला आणि तिथेच गार झाला. काठी पुढेमागे करत होते, शेपूट हलत होतं. उतरल्यावर म्हणाले, "फार हलकं आहे. छान उडलं असतं." रिकामी ट्रॉली घेऊन गेले. महिना संपला, परवाना संपला. त्यानंतर आलेले नाहीत. रस्त्यात दिसले तर दुसऱ्या बाजूने जातात, आणि मीही हाक मारत नाही.

तुमच्यावर मी जे लिहिलं, बघवत नाही वगैरे, ते परत घेते.

यांच्यावरचा राग मात्र परत घेता येत नाही. इंजिन म्हातारं झालं होतं आणि यांनी मला म्हातारी ठरवलं. दोन वर्षं मी बरणीचं झाकण उघडताना आधी हातांकडे बघत होते. दोन वर्षं मी जिना चढताना कठडा धरला. लोकांना सांगत फिरले, आता होत नाही माझ्याने. यांना हे दिसत होतं. मला वाईट वाटू नये म्हणून केलं म्हणावं, तर मला तेव्हाही वाईटच वाटलं होतं. विमान गेलं म्हणून वाटलं असतं, त्याऐवजी माझे हात गेले म्हणून वाटलं. यात माझा काय फायदा झाला, ते मी रोज विचारते.

आणि इंजिन संपलंय हे माहीत असताना यांनी मला रंग विचारला. लांबून दिसेल म्हणाले. कुणाला दिसणार होतं? की हे तशाच इंजिनावर वर जाणार होते? तुम्ही सख्खे भाऊ, तुम्हाला काही वाटतं का? मला दोन्ही खरं वाटतं, कधी हे, कधी ते. विचारायला कुणी नाही. पुस्तकं सगळी वाचून झाली, त्यांत इंजिनाचं सगळं आहे.

मे महिन्यात येण्याची धडपड करू नका. बघण्यासारखं काही नाही. आलात तर चहा देईन, पण त्यासाठी रजा घालवू नका. ते विमान कुठे न्यायचं मला सुचत नाही आणि ते असंच उभं राहणार. धूळ पुसणं मी बंद केलंय. त्यावर काही टाकावं म्हणून जुनी चादर शोधली, पण एका चादरीत ते मावत नाही.

कॅप्टन गेल्यावर मी शेडला कुलूप लावलं आणि दिवसभर घरात बसून राहिले. भिजवलेल्या चादरी अंगणात बादलीतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी लाँड्रीवाल्याला नको म्हणून सांगितलं, आणि चारही चादरी पिळून दांडीवर टाकल्या.

वहिनी